गोळीचा वाटा

तुळसाला लिहितावाचता येत नव्हतं, पण एक कागद तिला तोंडपाठ होता. कोणत्या ओळीमागून कोणती ओळ येते आणि वाचताना सोकोरो मास्तर दम घ्यायला कुठे थांबतात, तेसुद्धा. ‘रोज सकाळी पेज घेतल्यावर दोन गोळ्या. पाण्याबरोबर गिळाव्यात. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासून घ्यावे.’ जाळं विणताना बोटं आपोआप चालतात, तशी ही वाक्यं तिच्या ओठांत चालत.

कागद आला तो एकसष्ट सालच्या मे महिन्यात. त्याआधी चार महिने तिचा नवरा दाजी देवबागच्या किनाऱ्यावर रापण, ते साऱ्या गावाने मिळून ओढायचं जाळं, ओढता ओढता मध्येच खाली बसू लागला होता. अंगावर मांस राहिलं नाही आणि डाव्या बरगडीखाली मात्र एक दगड वाढत गेला. पोटातली ही वाढलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, गावाला नवी नव्हती. हिवतापाने ती अनेकांच्या पोटात ठेवून दिली होती. दाजीचा सोबती महादू तर पंधरा वर्षं ती पोटात घेऊनच दोरी ओढत होता. पण महादू ओढत होता आणि दाजी बसत होता. मालवणच्या डॉक्टरांनी काचेच्या पट्टीवर दाजीच्या रक्ताचा थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ वर काढलाच नाही. मग म्हणाले, “मुंबईला न्या. उशीर करू नका.”

मुंबईला न्यायचं ते कशाच्या जोरावर? रापणीचा नियम असा, की जाळ्याच्या दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. म्हाताऱ्याला वाटा, विधवेला वाटा, कडेला नुसता हात टेकवणाऱ्यालाही वाटा. त्या आठवड्यात एका सकाळी जाळ्यात बांगडा एवढा आला की वाळू दिसेनाशी झाली. रापणीच्या म्होरक्याने, तांडेलाने, वाटे घालायला टोपली उचलली आणि महादू पुढे झाला. “आजचां म्हावरां दाजीच्या औषधाक,” तो म्हणाला. “कोणी वाटो घेव नये.” साठ माणसं होती. कुणी घेतला नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर असल्याचं सांगितलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या. त्यांना आवरणारी एक नवी गोळी होती, बुसल्फान नावाची, बाहेरदेशातून येणारी आणि सहजासहजी न मिळणारी. त्यांनी तीन बाटल्या मिळवून दिल्या, पावसाळाभर पुरतील अशा, आणि बरोबर टाईप केलेला एक इंग्रजी कागद. आगबोटीची शेवटची फेरी गाठून दोघं परत आली. पुढे चार महिने बोट बंद.

सोकोरो मास्तर वेंगुर्ल्याच्या शाळेतून निवृत्त होऊन चर्चजवळच्या घरात एकटे राहत. त्यांनी इंग्रजी कागद डोळ्यांजवळ धरला आणि वहीचं एक पान फाडून मराठीत लिहायला घेतलं. तुळसा उंबऱ्यात बसून टाकाचा आवाज ऐकत होती.

“मास्तरांनू, सगळां लिवलात मां?”

“लिवलंय गो. पान भरला.” त्यांनी पान उन्हात धरून वाळवलं. “आता ऐक. वाचतंय तां ध्यानात ठेव.”

तिने ध्यानात ठेवलं. हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळेकाळे डाग उठले किंवा ताप हटेना, तर गोळी बंद करून डॉक्टरांकडे जायचं. गोळी ही रक्ताला लगाम आहे. जास्त ओढला तर चांगल्या पेशीही थांबतात. आणि गोळी बंद केल्यावरही काही आठवडे पेशी कमी होतच राहतात.

“आणि बरो कधी होतलो, तां नाय लिवलेला?”

मास्तरांनी टाकाचं टोक पुसलं. “आटोक्यात रवतलो, असां लिवलेला आसा.”

गोळी आहे तोवर माणूस आहे, एवढं तुळसाला कळलं. बाटल्या तिने लाकडी पेटीत लुगड्यांच्या घडीखाली ठेवल्या आणि पेटीची चावी गळ्यातल्या काळ्या पोतीत अडकवली.

पाऊस लागला. रोज सकाळी ती दाजीच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवी. तो तोंडाशी हात नेई, पाणी पिई आणि जाळी सांधायला मांगरात जाई. पावसात रापण बंद, जाळी त्या झापांच्या खोपीत टांगलेली असत. दाजी आणि महादू दिवसभर तिथे गाठी मारत बसत. दाजीची पानथरी थोडी उतरली. तुळसा त्याच्या पोटावर बोटं दाबून रोज बघायची. तो चिडायचा, “भाकरी थापतंस काय माझ्या पोटार?” आणि तिला त्या चिडण्याचं बरं वाटायचं.

पण रक्त उतरेना. दर पंधरा दिवसांनी दोघं भर पावसात वाळू तुडवत मालवण गाठत, आणि डॉक्टर कपाळाला आठी घालून पांढऱ्या पेशींचा तोच आकडा, किंवा त्याहून जेमतेम कमी आकडा सांगत. जुलैच्या मध्यावर ते म्हणाले, “दोन गोळ्यांनी एव्हाना निम्म्याच्या खाली यायला हवं होतं. घेतात ना नीट?”

“माझ्या हाताने देते, डॉक्टर. माझ्यासमोर.”

“मग तीन करा.” त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं. “तीनलाही नाही उतरलं, तर माझ्याजवळ दुसरं काही नाही.”

परतीच्या वाटेवर तुळसा मनात गोळ्या मोजत होती. तीनने चालू केल्या तर गणपतीच्या आसपास बाटल्या संपणार, आणि बोट त्याच्याही नंतर. टपालाने मागवल्या तर येतील त्या दिवशी येतील, आणि मुंबईत असल्या तर. आणि तीनलाही नाही उतरलं तर? पुढे दाजी चालत होता. ओल्या वाळूत त्याच्या पावलांचे ठसे तिला हलके वाटले, एखाद्या पोराचे असावेत तसे.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस ती पेजेचं भांडं घेऊन मांगरात गेली. पावसाच्या आवाजात तिची चाहूल लागली नाही. दाजी जाळ्याच्या लाकडी फळीवर काहीतरी ठेवून सुरीने जपून कापत होता. एक गोळी महादूने आधीच पंचाच्या टोकात ठेवली होती. दाजीने कापलेलीचा अर्धा तुकडा बोटाने त्याच्याकडे सरकवला, आणि दोन्ही अर्ध्या बरोबर आहेत की नाही ते मान वाकडी करून बघितलं. वाटे घालताना तांडेल बघतो तसं.

“शिपाय इलो,” महादू म्हणाला. “आता झडती.”

“ह्यां काय चल्लाहा?”

“वाटो,” दाजी म्हणाला.

“कसलो वाटो?”

“अगो, त्या दिवसाचां म्हावरां सगळ्यांचां होतां. महादूचो हात दोरीर होतो मां? तेच्या पोटात पानथरी, माझ्या पोटात पानथरी. मिया एकट्यान खाव?”

“पयल्यापासून?”

“मे म्हयन्यापासून,” महादू अभिमानाने म्हणाला. “माका गोळी गिळूक होणा नाय. हौसा कुटून देता. खोटां कित्याक सांगू, पोट वायच हलक्या वाटता. दम लागता तो पावसाचो.”

तुळसाने भांडं खाली ठेवलं. तीन कोस चिखल तुडवून ऐकलेले ते आकडे, डॉक्टरांची ती आठी, सगळ्याचा अर्थ त्या फळीवर पडला होता. ती एवढंच म्हणाली, “उद्यापासून गोळी माझ्या म्होरं गिळूची. तोंड उघडून दाखवूचां. तोवर दारातसून हलूक देवचंय नाय.”

“आणि महादूचो वाटो?” दाजीने विचारलं.

“तो मी खाल्लंय असां समज.”

महादू हसला, पण पंचाची गाठ त्याने घट्ट केली.

गोष्ट विहिरीवर पोहोचायला दोन दिवस लागले. “आमच्याय पोटात दुखता गो,” शेजारची आनंदी घागर बुडवता बुडवता म्हणाली. “पेटी उघडून एक गोळी दी. का पेटी घोवापुरतीच उघडता?” बाकीच्या बाया हसल्या. साठ जणांनी वाटा सोडला तेव्हा ही आमच्या पायावर डोकं ठेवायला आली होती, असंही कुणी तरी म्हणालं. ते खरं होतं. तुळसाने घागर उचलली.

हौसाबाई, महादूची बायको, हसण्यात नव्हती. पंधरा दिवसांनी ती विहिरीवर एकटीच भेटली, आणि रागावलेली नव्हती, घाबरलेली होती.

“तुळसा, तेंच्या तोंडातसून रगात येता. राखुंडी लावली की थुकी लालभडक. आणि हातार निळे वळ उठलेत, दोरीचे उठतत तशे.”

“रापण बंद आसा,” तुळसा म्हणाली. “दोरी खंयची?”

म्हणता म्हणता तिच्या ओठांवर ती ओळ आली, मास्तर दम घ्यायला थांबत त्याच्या पुढची. तिने घागर तिथेच ठेवली आणि चर्चच्या वाटेला लागली.

मास्तरांनी आपल्याकडे ठेवलेला मूळ इंग्रजी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला. ते वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर थांबले.

“एक ओळ ऱ्हवली,” ते म्हणाले. “‘ज्याच्या नावाने दिले त्याच्याशिवाय हे औषध कोणालाही देऊ नये.’ पान भरला होता गो. आणि माका वाटला, ह्यां काय कोणाक सांगूक होया?”

“महादूची पानथरी वेगळी?”

“वेगळी. तेचा रगात चांगला होता. चांगल्या रगताक लगाम घातलो तुमी.” मग ते म्हणाले, “आमी.”

“पण पंधरा दीस झाले बंद करून.”

मास्तरांनी तिने पाठ केलेलीच ओळ तिला वाचून दाखवली: बंद केल्यावरही काही आठवडे.

महादू मालवणला यायला तयार नव्हता. तो खाटेवर पडून होता, अंग तापाने कढत. “वाटो बंद केलंस, आणि आता डाक्टराक दाखवतंस?” तो म्हणाला. “बंद केल्यापासून माझां असां झाला. गोळी दी, उद्या उठान बसतंय.” तुळसा त्याच्या पायाशी बसून राहिली. शेवटी हौसाबाईनेच चार माणसं बोलावली आणि त्याला होडीत घातलं. खाडीने वर, मग डोलीतून.

डॉक्टरांनी पट्टी बघितली. हौसाबाई बाहेर पडवीत महादूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तुळसाने दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. फळी, सुरी, अर्धी गोळी. डॉक्टर टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिले.

“म्हणून तुमच्या माणसाचं उतरत नव्हतं,” ते म्हणाले. “आणि याचं संपत आलंय. याला रक्त द्यायला हवं; ती सोय इथे नाही. कोल्हापूरला न्यायचं तर घाट चढेपर्यंतही हा राहणार नाही. ताप उतरायला सुई देतो.”

“वाचतील?”

“कधीकधी पेशी आपण होऊन परत येतात.” त्यांच्या आवाजात ते कधीकधी फार लांब होतं.

“डॉक्टर, हे कुणाला सांगू नका. आमच्या माणसाला कळलं तर तो पुन्हा गोळीला हात लावणार नाही.”

“मी खोटं सांगणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “विचारलं नाही, तर सांगणारही नाही.”

कुणी विचारलं नाही. गावाला उत्तर आधीच माहीत होतं: गोळी होती तोवर महादू चालत होता, तुळसाने गोळी बंद केली आणि तो पडला. अकराव्या दिवशी, नारळी पौर्णिमेला आठवडा असताना, महादू गेला. शेवटी त्याच्या नाकातून येणारं रक्त थांबवायला हौसाबाईने घरातली सगळी जुनी लुगडी फाडली.

स्मशानातून आलेला दाजी पायरीवर बसला तो उठेना. सकाळी तुळसाने तीन गोळ्या पुढे धरल्या. त्याने हात मांडीखाली घातले.

“तेका नाय, तर माका पण नको.”

“दाजी, तोंड उघड.”

“माका एक सांग.” त्याने तिच्याकडे बघितलं. महिनाभरात पहिल्यांदा तो तिच्याकडे बघत होता. “माझी गोळी तेका बाधली?”

मांगरावरून पाण्याची धार गळत होती. खरं सांगितलं तर हा माणूस आपल्या हाताने कापलेली ती अर्धी गोळी जन्मभर बघत बसेल, आणि तो जन्म फार तर गणपतीपर्यंतचा असेल. तुळसाला हे एवढं स्पष्ट दिसलं की तिला विचार करावा लागला नाही.

“नाय,” ती म्हणाली. “मी बंद केलंय म्हणान तो गेलो. मीच मारलंय, असां समज. पण तू गोळी घे.”

त्याने तोंड फिरवलं. तो दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तुळसा रोज सकाळी गोळ्या घेऊन उभी राही आणि परत बाटलीत टाकी. चौथ्या दिवशी त्याला उठून बसताना भिंत धरावी लागली.

त्या दिवशी हौसाबाई आली. सुतकात बाहेर पडू नये, तरी आली. अंगणातच उभी राहून तिने पदराची गाठ सोडली. पंचाची फाटकी चिंधी होती, तिच्यात सहा गोळ्या आणि एक अर्धी.

“ह्यां रापणीचां,” ती दाजीला म्हणाली. “माझ्याकडे ठेवन काय करू? अडीनडीक म्हणान बाजूक काढून ठेवलेलंय. शेवटाक देवक गेलंय, तर तेंका पाणीसुद्धा गिळूक होय नाय. तुमी खावा. तेंच्या नावान खावा.”

दाजीने ओंजळ पुढे केली. अर्धी गोळी त्याने आधी घेतली, मग दोन पुऱ्या. पाणी हौसाबाईनेच दिलं. तुळसा दाराआड उभी होती, आणि चौकट तिने धरली होती ती हौसाबाई जाईपर्यंत सोडली नाही.

त्यानंतर दाजीने गोळी चुकवली नाही. रक्त उतरलं, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या, मग थांबवल्या, मग पुन्हा चालू केल्या. दिवाळीत तो रापणीच्या दोरीला उभा राहिला. गोळीने त्याची कातडी काळवंडली, पण उन्हात राबणाऱ्या रापणीवरच्या माणसाचं ते कुणाच्या लक्षातही येत नाही. अडीच वर्षं तो जगला. तुळसाच्या हातून रोज गोळी घेई, पाणी पिई, तोंड उघडून दाखवी, आणि कामापुरतं सोडून तिच्याशी बोलत नसे. रापणीत ती उभी राहिली की तिच्या पुढे आणि मागे हातभर दोरी मोकळी राही. वाटा मात्र तिला बरोबर मिळे; वाट्यात कुणी कसर केली नाही.

कधी कधी सोकोरो मास्तर वाटेत भेटत. एकदा ते म्हणाले, “सगळ्यांका सांगूया गो. दोष माझो आसा.” तुळसा म्हणाली, “तो आसा तोवर नाय.” पुढे मास्तरांनी तिच्या कागदाच्या कडेला, आडव्या ओळींच्या बाजूने उभी, राहिलेली ती ओळ लिहून दिली. शाई वेगळी होती.

चौसष्टच्या फेब्रुवारीत गोळी चालेनाशी झाली, आणि दाजी गेला. जाण्याआधी दोन दिवस तो पुष्कळ बोलला, पण महादूशी.

तेरावं झाल्यावर तुळसा कागद घेऊन हौसाबाईकडे गेली. दुपार होती. हौसाबाई ओटीवर गोलम्यातला, त्या बारीक सुक्या कोळंबीतला, कचरा निवडत होती. तुळसा समोर भुईवर बसली. हौसाबाईने पाट सरकवला नाही, पण ऊठही म्हटलं नाही.

तुळसाने कागद मांडीवर उलगडला आणि म्हणायला सुरुवात केली. दोन गोळ्या, पेजेनंतर. रक्त, पंधरा दिवसांनी. हिरड्या, डाग, ताप. बंद केल्यावरही काही आठवडे. शेवटी ती उभी ओळ. मग तिने फळी सांगितली, सुरी सांगितली, आणि डॉक्टर बंद दाराआड काय म्हणाले ते सांगितलं.

“म्हणजे तुझ्या बंद करण्यान नाय गेले ते,” हौसाबाई म्हणाली.

“नाय.”

“गोळयेन गेले.”

“होय.”

“तुका कधीपासून म्हायत?”

“तेंका होडीत घातलां त्या दिवसापासून.”

हौसाबाईची बोटं गोलम्यात तशीच थांबली होती. अंगणात सुकत घातलेल्या जाळ्यावर एक कावळा येऊन बसला, तिने त्याला हाकललं नाही.

“तेंका गिळूक होणा नाय,” ती म्हणाली. “मी खलबत्त्यात कुटी. पेजेच्या पाण्यात ढवळून चमच्यान देय. तोंड वाकडां करीत, तर मी दाटवी. एक दीस सांडला, तर जमिनीवरचां बोटान पुसून तेंच्या जिभेर लावलंय.”

तुळसाला काही म्हणायचं होतं. त्यासाठी कागदावर ओळ नव्हती. अडीच वर्षं आपण हे कुणापासून झाकत होतो, ते तिला आता, या ओटीवर, पुरतं कळलं. आणि कळलं तेव्हा ते उघडून झालेलं होतं.

हौसाबाईने हात पुसले. कागद उचलला, उलटा बघितला, सुलटा बघितला, ती कडेची उभी ओळ अंगठ्याने चाचपली आणि घडी घालून तुळसाच्या मांडीवर ठेवला.

“ह्यां घेवन जा,” ती म्हणाली. “माझी पोर शकू सातवीक आसा. तिका वाचूक येता.”

तुळसाने कागद कमरेला खोचला. पायरी उतरताना तिने मागे बघितलं. हौसाबाई पुन्हा निवडायला लागली होती. बोटं चालत होती, पण कचरा आणि गोलमा ती एकाच सुपात टाकत होती.